फीड : बातमीच्या उगमापासून वाचकापर्यंत

बातमी लिहिली जाणे आणि ती वाचकाच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वार्ताहर आणि संपादक यांच्या कक्षेतील आहे. दुसरी मात्र टपाल, रेल्वे, तारायंत्र, रेडिओ आणि आता संगणकाचे जाळे यांच्यावर अवलंबून असते. वितरणाची वाट बंद झाली तर चांगली बातमीही निरुपयोगी ठरते. वाट गढूळ झाली तर खोटी बातमी खऱ्याच्या वेषात घरात शिरते. जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांना यातील पहिल्या संकटाचा अनुभव फार पूर्वीच आला होता.

हैदराबाद शहरात लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० मध्ये 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक सुरू केले. तथापि संस्थानातील निर्बंधांमुळे तेथे राहून मोकळेपणाने लिहिणे कठीण होते. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' हे साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्याहून काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा तेच पत्र निरनिराळी नावे धारण करून वाचकांकडे येत राहिले. मजकूर तयार होता आणि वाचकही उत्सुक होते. लढा होता तो मधल्या वाटेसाठी.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. बातमी येण्याच्या वाटा इतक्या झाल्या आहेत की आलेली बातमी मुळात कोठून निघाली हेच कळेनासे झाले आहे. अशा वेळी बातमीला तिच्या उगमाशी बांधून ठेवणारी एक साधी व्यवस्था संगणकाच्या जाळ्यावर गेली पंचवीस वर्षे उपलब्ध आहे. तिला 'फीड' असे म्हणतात. जगातील लहानमोठी वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्या तिचा दररोज वापर करतात. सामान्य वाचकाला मात्र तिची फारशी ओळख नाही. ती ओळख करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

फीड म्हणजे काय?

वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर दिवसभर नवनवीन बातम्या चढत असतात. वाचकाला त्या पाहावयाच्या असतील तर त्याने पुनःपुन्हा तेथे जावे लागते. दहा वृत्तपत्रे पाहावयाची असतील तर दहा ठिकाणी खेपा घालाव्या लागतात. हा त्रास वाचविण्यासाठी वृत्तपत्र आपल्या संकेतस्थळावर आणखी एक लहानशी फाईल ठेवते. तिच्यात चित्रे, जाहिराती, रंगरंगोटी काही नसते. असते ती केवळ ताज्या बातम्यांची यादी. हीच फाईल म्हणजे फीड होय.

ही यादी मनुष्याने थेट वाचावी अशी नसते. ती एका संगणक प्रणालीसाठी लिहिलेली असते. या प्रणालीस फीडवाचक म्हणतात. वाचक तिला आपल्या पसंतीच्या फीडचे पत्ते एकदाच देऊन ठेवतो. त्यानंतर ती प्रणाली ठरावीक वेळाने, समजा दर तासाने, प्रत्येक पत्त्यावर जाऊन 'काही नवे आहे काय?' अशी विचारणा करते. नवे काही नसेल तर संबंधित संगणक '३०४' या सांकेतिक क्रमांकाने 'बदल नाही' असे कळवितो आणि फाईल पुन्हा पाठवीत नाही. त्यामुळे मोबाईलचा डेटा वाचतो. नवे असेल तर ती यादी आणून वाचकापुढे एकाच पानावर मांडली जाते.

गावात पोस्टमन दारी येतो ती एक पद्धत आणि आपण पोस्टात जाऊन पत्र आले का हे विचारतो ती दुसरी. फीडची मूळ पद्धत दुसऱ्या प्रकारची आहे. फरक एवढाच की पोस्टात जाण्याचे काम यंत्र करते. पुढे यातही सुधारणा झाली. नवी बातमी चढताच मध्यस्थ संगणकाने सर्व वर्गणीदारांना तत्काळ वर्दी द्यावी अशी 'वेबसब' नावाची पद्धत निघाली व तिला २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

फाईलच्या आत काय असते?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हैदराबाद शहर मुसी नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने या शहराची मोठी हानी केली. त्यानंतर पूरनियंत्रणासाठी मुसीवर उस्मानसागर आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले. आजही जोराचा पाऊस झाला की या जलाशयांचे किती दरवाजे उघडले याकडे नदीकाठच्या वस्त्यांचे लक्ष असते. समजा, अशा एका दिवशी एखाद्या वृत्तपत्राने ही बातमी दिली, तर फीडमधील तिची नोंद साधारणतः पुढीलप्रमाणे असेल :

शीर्षक : हिमायतसागरचे दोन दरवाजे उघडले; मुसीकाठच्या रहिवाशांना सावधगिरीचा इशारा.
दुवा : मूळ बातमी ज्या पानावर आहे त्याचा पूर्ण पत्ता.
सारांश : बातमीतील पहिली दोन-तीन वाक्ये.
प्रकाशनाची वेळ : वार, दिनांक, तास, मिनिट, सेकंद आणि भारतीय प्रमाणवेळेची खूण.
ओळखखूण : त्या एकाच बातमीला दिलेले, पुन्हा दुसरीस न दिले जाणारे चिन्ह.

या पाच नोंदींच्या वर, फाईलच्या आरंभी, वृत्तपत्राचे नाव, त्याच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि भाषा दिलेली असते. वरकरणी ही माहिती किरकोळ वाटते. परंतु बातमीची पारख करताना नेमकी हीच माहिती उपयोगी पडते. बातमी कोणी दिली, केव्हा दिली आणि पूर्ण मजकूर कोठे आहे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बातमीबरोबरच येतात. ओळखखुणेमुळे तीच बातमी दुसऱ्यांदा नवी म्हणून दाखविली जात नाही. काही फीडमध्ये प्रथम प्रकाशनाची व नंतरच्या दुरुस्तीची अशा दोन वेळा स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय असते. दुपारी दोन दरवाजे उघडले होते आणि सायंकाळी चार उघडले, तर बातमी केव्हा बदलली हे त्यावरून समजते.

फीडचा जन्म व प्रसार

फीडची आज रूढ असलेली पद्धत प्रथम प्रत्यक्षात आली ती मार्च १९९९ मध्ये. अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत तेव्हा ती तयार झाली. ती रचणाऱ्यांमध्ये मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले रामनाथन गुहा हे प्रमुख होते, ही गोष्ट भारतीय वाचकांना विशेष वाटेल. तिला 'आरएसएस' हे नाव मिळाले. पुढे डेव्ह वायनर यांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि सप्टेंबर २००२ मध्ये 'आरएसएस २.०' ही आजही रूढ असलेली आवृत्ती पुढे आली. 'ॲटम' नावाची दुसरी, अधिक काटेकोर पद्धत डिसेंबर २००५ मध्ये प्रमाण ठरली. वाचकाच्या दृष्टीने दोहोंत विशेष फरक नाही.

नारिंगी चौकोनात एक ठिपका आणि त्यावर दोन पांढऱ्या कमानी हे फीडचे चिन्ह. फायरफॉक्स या न्याहाळकात ते प्रथम दिसले व २००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेही ते स्वीकारले. त्याच वर्षी गूगलने 'गूगल रीडर' हा फीडवाचक सुरू केला. तो लोकप्रिय झाला, परंतु १ जुलै २०१३ रोजी कंपनीने तो बंद केला. त्यानंतर समाजमाध्यमांचा बोलबाला झाला आणि फीड मागे पडले असे अनेकांना वाटू लागले. वस्तुतः फीड बंद झाले नाही. ते केवळ दृष्टीआड झाले. मोबाईलवर बातम्या एकत्र दाखविणारी अनेक ॲप आणि जवळजवळ सर्व पॉडकास्ट आजही आतून फीडवरच चालतात. पॉडकास्टच्या फीडमध्ये बातमीच्या दुव्याबरोबर ध्वनिमुद्रणाचा पत्ता दिलेला असतो, इतकाच फरक.

लिपीची अडचण आणि तिचे निराकरण

भारतीय भाषांतील वृत्तपत्रांना फीडचा लाभ थोडा उशिरा झाला. याचे कारण लिपीत होते. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा अनेक भाषा नांदतात. परंतु संगणकाच्या जाळ्यावर आरंभीच्या काळात त्यांतील फक्त इंग्रजीचा संसार सुरळीत होता. हैदराबादेत मुख्यालय असलेल्या 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाप्रमाणेच अनेक मराठी दैनिकेही आपापला स्वतंत्र फाँट वापरीत. तो फाँट वाचकाच्या संगणकात नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक खुणा दिसत. अनेक उर्दू वृत्तपत्रे तर नस्तालिक अक्षरांतील मजकूर चित्र म्हणूनच चढवीत असत. चित्रातील शीर्षक फीडमध्ये घालता येत नाही आणि फाँटविना अक्षरे वाचता येत नाहीत. तेव्हा फीड असून नसल्यासारखेच होते.

युनिकोडमुळे ही कोंडी फुटली. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणारी ही पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. देवनागरी, तेलुगू आणि अरबी या लिपी तिच्यात आरंभापासून होत्या. वृत्तपत्रांनी ती हळूहळू अंगीकारली, तसतशी त्यांची फीडही वाचनीय झाली. आज बीबीसीच्या मराठी आणि तेलुगू सेवा, ज्या दोन्ही २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाल्या, आपापल्या लिपीत फीड देऊ शकतात ते यामुळेच. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'ईटीव्ही भारत'सारख्या संस्थेला मराठीसह अनेक भाषांत एकाच छताखालून बातम्या देता येतात, त्याच्या मुळाशीही ही समान लिपीव्यवस्था आहे.

वृत्तपत्रे फीडचा उपयोग कसा करतात?

मोठी वृत्तपत्रे एकच फीड न ठेवता विषयवार व स्थळवार अनेक फीड ठेवतात. 'द हिंदू' या दैनिकाचे हैदराबाद शहराच्या बातम्यांसाठी वेगळे फीड आहे. त्यामुळे नांदेड किंवा आदिलाबाद येथे राहणाऱ्या ज्या पालकाचा मुलगा हैदराबादेत शिकत आहे, त्याला साऱ्या देशाच्या बातम्या न चाळता नेमक्या त्या शहराच्या बातम्या मिळू शकतात.

वृत्तसंस्थेच्या जुन्या पद्धतीशी तुलना केली असता यातील फरक ध्यानात येतो. प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाचे काम १ फेब्रुवारी १९४९ पासून सुरू झाले. संस्थेची बातमी टेलिप्रिंटरवरून वृत्तपत्राच्या कचेरीत उतरे व छापताना तिच्या आरंभी गावाचे नाव, तारीख आणि संस्थेचे नाव दिले जाई. ही सोय मात्र पैसे भरणाऱ्या वर्गणीदार वृत्तपत्रांपुरतीच होती. वृत्तसंस्था आजही वर्गणीदारांना अशी बंद सेवा देतात. खुल्या फीडने हीच शिस्त सामान्य वाचकाच्या हाती आणून दिली. जणू प्रत्येक घरी एक लहान टेलिप्रिंटर आला, आणि तोही विनामूल्य.

वृत्तपत्राला यात काय लाभ, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. बहुतेक वृत्तपत्रे फीडमध्ये संपूर्ण बातमी न देता केवळ सारांश देतात. उत्सुक वाचक दुव्यावरून मूळ पानावर येतो आणि तेथील जाहिरातींतून वृत्तपत्राला उत्पन्न मिळते. काही संस्था पूर्ण मजकूरही देतात. शासकीय यंत्रणाही ही पद्धत वापरतात. केंद्र शासनाचे पत्र सूचना कार्यालय आपली प्रसिद्धिपत्रके फीडद्वारे उपलब्ध करून देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या संकेतस्थळावरील अतिवृष्टी, वीज, पूर इत्यादींचे इशारेही फीडच्या स्वरूपात मिळतात. वृत्तपत्रांचे संपादकीय विभाग अशा फीडवर लक्ष ठेवूनच अनेक बातम्यांची पहिली चाहूल घेतात.

उगम हरवला म्हणजे

फीडचे महत्त्व नीट कळण्यासाठी २०१८ सालच्या घटना आठवणे आवश्यक आहे. त्या वर्षी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरील निरोपांतून अनेक राज्यांत पसरल्या. मे महिन्यात हैदराबादच्या चंद्रायनगुट्टा भागात अशाच अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीचा बळी घेतला. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. ज्या निरोपांनी लोकांची मने भडकली त्यांवर लिहिणाऱ्याचे नाव नव्हते, खरी तारीख नव्हती, मूळ मजकुराचा पत्ता नव्हता. फीडमधील ज्या नोंदी वर किरकोळ वाटल्या, त्यांच्या अभावी काय घडू शकते याचे याहून विदारक उदाहरण सांगता येणार नाही.

या काळात तेलंगणातील जोगुळांबा गदवाल जिल्ह्याच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी केलेले काम अनुकरणीय आहे. त्यांनी पोलीस कर्मचाऱ्यांना गावोगावी पाठविले, दवंडी व लोकगीते यांचा आधार घेतला आणि आलेला निरोप पुढे पाठविण्यापूर्वी खात्री करून घ्या, हे लोकांच्या बोलीत समजावून दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हॉट्सॲपनेही पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

समाजमाध्यमांच्या आणखी एका गुणधर्माची येथे नोंद घेतली पाहिजे. तेथे वाचकापुढे काय यावे हे बहुधा त्या कंपनीचे गणित ठरविते. ज्या मजकुरावर अधिक लोक थांबतात, चिडतात किंवा हसतात तो वर येतो. मागील वर्षीच्या पुराचे चित्रण आजचे म्हणून डोळ्यांपुढे येते ते अशा रीतीने. फीडमध्ये असे गणित नसते. कोणाची फीड घ्यावयाची हे वाचक ठरवितो आणि बातम्या बहुधा वेळेच्या क्रमाने येतात. वाचकाची आवड-निवड हेरून तिचा बाजार मांडण्याची मूळ फीडला गरज नसते.

मर्यादाही जाणल्या पाहिजेत

तथापि फीड म्हणजे सत्याची हमी नव्हे. वृत्तपत्राने चूक केली तर फीड ती चूकही तत्परतेने पोचविते. फीड केवळ एवढेच सांगते की ही चूक कोणाची आणि केव्हाची. परंतु हे 'केवळ' लहान नाही. कारण जबाबदार कोण हे ठाऊक असल्यावर दुरुस्ती मागता येते, आणि निनावी निरोपापाशी ती मागता येत नाही.

दुसरी मर्यादा अशी की सर्वच संस्था फीड देत नाहीत. काहींनी दिलेले फीड पुढे काढून घेतले, तर काहींचे फीड महिनोन् महिने अद्ययावत होत नाही. म्हणून शेवटच्या नोंदीची तारीख पाहण्याची सवय ठेवावी. तिसरी गोष्ट हक्काची. फीड खुले आहे म्हणून त्यातील मजकूर कोणीही आपला म्हणून छापावा असा अर्थ होत नाही. शीर्षक व दुवा देऊन वाचकाला मूळ ठिकाणी पाठविणे योग्य. संपूर्ण बातमी उचलून आपल्या नावावर खपविणे अनुचित आणि कायद्याच्या कक्षेत येणारे आहे.

गावात, शाळेत आणि कार्यालयात

फीडचा उपयोग करण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. संगणकावर 'थंडरबर्ड' आणि मोबाईलवर 'फीडली' यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर, बहुधा पानाच्या तळाशी, नारिंगी चिन्ह किंवा 'आरएसएस' हा शब्द शोधावा आणि तेथील पत्ता फीडवाचकात नोंदवावा. प्रारंभी पाच फीड पुरेशी आहेत : एक शासकीय प्रसिद्धिपत्रकांचे, एक आपत्तीच्या इशाऱ्यांचे, दोन भिन्न मतांच्या मराठी दैनिकांचे आणि एक शेजारच्या राज्यातील किंवा मोठ्या शहरातील वृत्तपत्राचे.

शिक्षकांना याचा विशेष उपयोग आहे. एकाच दिवशी एकाच घटनेवर दोन दैनिकांनी दिलेली शीर्षके फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. दोहोंच्या प्रकाशनाच्या वेळा नोंदवाव्यात. कोणते शब्द समान आहेत, कोणते वेगळे आहेत, पहिली बातमी कोणाची आणि दुरुस्ती कोणी केली हे मुलांना शोधावयास सांगावे. त्यानंतर मोबाईलवर आलेला एखादा निनावी निरोप घेऊन त्याच्या संदर्भात हेच प्रश्न विचारावेत. उत्तरांच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणजे मुलांना जे समजेल ते व्याख्यानाने समजणार नाही.

ग्रामपंचायतीत आणि तालुका कार्यालयात एका कर्मचाऱ्याने दिवसातून दोनदा ही फीड पाहिली तरी पुष्कळ काम होईल. गावात एखादी खळबळजनक वार्ता आली तर ती यांपैकी कोणत्याही फीडमध्ये आहे काय, हे काही मिनिटांत पाहता येईल. नसेल तर पोलीस ठाण्याकडे विचारणा करावी आणि उत्तर मिळेपर्यंत निरोप पुढे पाठवू नये. असल्यास शीर्षकाबरोबर वृत्तपत्राचे नाव, वेळ आणि दुवा यांसह ती सूचनाफलकावर किंवा गावाच्या गटावर द्यावी.

एके काळी बंदी असलेले पत्र मिळविण्यासाठी संस्थानातील वाचकांनी धोका पत्करला. ते पत्र नाव बदलून आले तरी कोठून आले आहे हे त्यांना ठाऊक असे, आणि म्हणूनच त्यांचा त्यावर विश्वास होता. आजच्या वाचकाला एवढा धोका पत्करावा लागत नाही. बातमीच्या मुळाशी कोण आहे हे विचारण्याची सवय मात्र त्याने सोडता कामा नये. त्या प्रश्नाचे उत्तर बातमीबरोबरच आणून देणारे साधन प्रत्येक मोबाईलवर सहज घेता येण्याजोगे आहे. ते वापरण्यास प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आरंभ करावा.